बॅलेचा वर्ग आणि गोंडांची दंडारी : नृत्यातील शिष्टाचारांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
नृत्याच्या इतिहासात पदन्यास, वेशभूषा व वाद्ये यांची नोंद होते. शिष्टाचारांची मात्र क्वचितच होते. वस्तुतः नृत्यामागील समाजव्यवस्था शिष्टाचारांतूनच व्यक्त होत असते. युरोपातील बॅले आणि किनवट परिसरातील गोंड समाजाची दंडारी यांच्या तुलनेतून हे स्पष्ट होते.

दरबारातून वर्गात :
फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६१ मध्ये शाही नृत्य अकादमी स्थापन केली. पिएर बोशां यांनी पायांच्या पाच मूलभूत स्थिती निश्चित केल्या. दरबारी रीतींचा ठसा बॅलेच्या वर्गावर आजही दिसतो. उशिरा आलेला विद्यार्थी शिक्षकांची अनुमती घेतो. नामांकित नर्तकही आडव्या दांडीला धरून प्राथमिक सरावानेच आरंभ करतो. वर्ग संपताना सर्वजण शिक्षक व पियानोवादक यांना लवून अभिवादन करतात. राजापुढील नमन अशा रीतीने शिक्षकांपुढील नमन झाले.

दंडारीतील मर्यादा :
दंडारीला असा बंदिस्त वर्ग नाही. दिवाळीच्या सुमारास एका गावचे पथक दुसऱ्या गावी जाते. त्यापूर्वी वाद्ये व मोरपिसांचे टोप यांचे पूजन होते. टोप धारण करणारा घुसाडी व्रतस्थ असतो. या काळात तो स्नान करीत नाही. यजमान गाव पाहुण्यांचे स्वागत करून त्यांना भोजन देते. याच भेटीगाठींत सोयरीकही जुळते. तरुण मंडळी वडीलधाऱ्यांसोबत नाचतानाच नृत्य व मर्यादा दोन्ही शिकतात.

सीमा आणि परंपरा :
इस्लापूर मंडळ पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मंडळ व किनवट तालुका मुंबई राज्यात आले. प्रशासकीय सीमा बदलली. दंडारी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस टिकून राहिली. सीमेपलीकडील मारलवाई येथील घुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली; २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

समारोप :
या गौरवामुळे घुसाडी नृत्य देशभर पोहोचले, ही समाधानाची बाब आहे. तथापि बॅलेचे शिष्टाचार वर्गासोबत कोणत्याही देशात नेता येतात. दंडारीचे शिष्टाचार पाहुणे गाव व यजमान गाव यांच्याविना संभवत नाहीत. रंगमंचापुढे प्रेक्षक असतात, यजमान नसतो. म्हणून दंडारीच्या जतनात केवळ पदन्यासांचे चित्रीकरण पुरेसे नाही. कोणते गाव कोणत्या गावी जात असे, याचीही नोंद जाणत्या वृद्धांकडून वेळीच होणे अगत्याचे आहे.