हेन्ड्रिक्सचे पाठभेद

अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स १९७० साली वारला, तोवर त्याचे स्टुडिओत घडवलेले अल्बम निघाले होते अवघे तीन. मंचावर मात्र तेच गाणे तो पुन्हापुन्हा नव्याने घडवी. ही रूपे टिकली, त्याचे बरेचसे श्रेय श्रोत्यांत बसून गुपचूप ध्वनिमुद्रण करणाऱ्या चाहत्यांचे. कॅसेटची प्रत काढली की खरखर वाढते. म्हणून आपली प्रत मूळ टेपपासून कितव्या पिढीची, याची देवाणघेवाण करणाऱ्यांत कसून चौकशी होई. हस्तलिखितांची वंशावळ लावणाऱ्या संपादकाला ही शिस्त परकी वाटू नये! टेपच्या बदल्यात टेप देणाऱ्यांना चोरट्या तबकड्या विकणाऱ्यांच्या पंक्तीस बसवणे आम्हांला मान्य नाही. परवानगी दोघांकडेही नव्हती, हे खरे असले तरी.

पुढे हेन्ड्रिक्सच्या कुटुंबीयांच्या कंपनीने अशा ध्वनिमुद्रणांसाठीच १९९८ साली 'डॅगर रेकॉर्ड्स' सुरू केली. तिचा पहिलाच अल्बम म्हणजे ऑकलंड कोलिझियममधला २७ एप्रिल १९६९ चा कार्यक्रम, एका चाहत्याने प्रेक्षकांतून टिपलेला. आवाज स्वच्छ नाही. पण त्या रात्री 'वूडू चाइल्ड'ला बास गिटारवर 'जेफरसन एअरप्लेन'चा जॅक कॅसडी होता, आणि तो तिथे ऐकू येतो.