पेटीतून गावोगाव गेलेले ग्रंथालय

1912 साली बडोद्यातून एक त्रैमासिक निघू लागले. नाव 'लायब्ररी मिसेलनी', मजकूर मात्र इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ग्रंथालये कशी चालवावीत, पुस्तके वाचकांपर्यंत कशी पोचवावीत, एवढाच त्याचा विषय. ग्रंथालयांनाच वाहिलेले भारतातले हे पहिले नियतकालिक मानले जाते. एका संस्थानात असे नियतकालिक निघावे इतके सांगण्यासारखे काम तिथे त्या वेळी खरोखरच चालू होते.

त्या कामामागे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा 1875 मध्ये दत्तक आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे 1906 साली याच राजाने आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पण शाळा सुटल्यावर ज्याच्या घरात एकही पुस्तक नाही, तो मुलगा चार-पाच वर्षांत शिकलेले विसरणार हे उघड होते. शाळेच्या पाठोपाठ वाचनालय आलेच पाहिजे, हा विचार तिथून पक्का झाला.

मराठी मुलखाला वाचनालय नवे नव्हते. रत्नागिरीला 1828 पासून, पुण्याला 1848 पासून वाचनालये होती. ठाण्यात 1893 साली आणि मुंबईत 1898 साली मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली. ही सारी लोकांच्या उत्साहावर आणि वर्गणीवर चालणारी, म्हणून साहजिकच शहरातली. खेड्यातल्या कुळवाड्यापर्यंत पुस्तक न्यायचे तर वेगळी व्यवस्था लागणार होती.

ती उभारायला सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनहून विल्यम बोर्डन यांना बोलावले. राजवाड्यातली सुमारे 20 हजार पुस्तके लोकांसाठी खुली झाली आणि त्यांतून मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला गेला. बोर्डन यांनी तरुणांना शिकवण्यासाठी वर्ग काढला. ग्रंथपालनाचे शिक्षण देणारा असा वर्ग देशात आधी नव्हता. पुस्तकांची वर्गवारीही त्यांनी बडोद्यासाठी नव्याने आखली. 1913 मध्ये ते परतले आणि जे. एस. कुडाळकर यांनी सूत्रे हाती घेतली.

या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोलाची गोष्ट दिसायला सर्वांत साधी होती: लाकडी पेटी. पंधरा ते तीस पुस्तके मावतील एवढी, भक्कम, कुलपाची. काही पेट्यांत एकाच विषयाची पुस्तके ठरलेली असत, काहींत मागणीप्रमाणे भरून देत. पेटी मागवायची ती शाळेने किंवा गावातल्या एखाद्या मंडळाने. जाण्यायेण्याचे रेल्वेभाडे संस्थानाचे ग्रंथालय खाते भरी, वाचणाऱ्याला काहीच द्यावे लागत नसे. पुस्तके वाचून झाली की पेटी परत जाई आणि दुसरी येई. सयाजीरावांच्या कारकिर्दीतल्या इमारतींचे कौतुक नेहमी होते. ही पेटी त्यांच्या तोडीची आहे.

गावात कायमचे वाचनालय हवे असेल तर त्याचीही रीत ठरलेली होती. गावाने काही रक्कम उभी करायची. तेवढीच प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार. पहिला हात गावालाच घालावा लागे, त्यामुळे वाचनालय सरकारी न राहता गावाचे होई. याच्या आधीपासून मोतीभाई अमीन 'मित्रमंडळ' वाचनालये काढत गुजरातीभाषक गावांतून फिरत होते. त्यांच्या खटपटीशिवाय सरकारी योजनेला एवढी गावे मिळाली नसती.

मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी दालने होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे आणि चलच्चित्रे दाखवणारी शाखाही खात्याला जोडलेली होती. संस्कृत विभागाने 1916 मध्ये 'गायकवाड ओरिएंटल सीरिज' सुरू केली. त्याच विभागातून पुढे प्राच्यविद्या संस्था झाली. बडोद्याच्या मांडवी भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत पुस्तकांचे मजले पोलादी मांडण्यांचे आणि जाड काचेच्या जमिनीचे आहेत, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरतो.

कुडाळकरांनी 1919 मध्ये या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि बडोद्याची रीत बाहेर कळली. इतके सारे होऊनही बडोद्यात ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा मात्र झाला नाही. तो मान कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये मिळवला, आणि महाराष्ट्र राज्याचा कायदा यायला 1967 साल उजाडले.