लगाम आणि सरळव्याज

आपण मराठी माणसं लगाम कशाकशाला घालत नाही? जिभेला घालतो, खर्चाला घालतो, मिसरूड फुटलेल्या चिरंजीवांना घालायचा प्रयत्न करतो. एका घोड्याला तेवढा घालायची वेळ येत नाही. त्यामुळे लगामाचं जे लोखंड घोड्याच्या तोंडात जातं ते कसलं असावं, यावर माणसाने दोन हजारांहून अधिक वर्षं डोकं शिणवलंय, हे आपल्या गावीही नसतं.

मुळात जागा निसर्गानेच सोडली. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये दातच नाहीत, नुसती हिरडी. माणसाने मोकळी जागा पाहिली आणि रीतसर अतिक्रमण केलं. घोड्याने दाद मागावी, तर तोंडच अडवलेलं!

अथेन्सचा झेनोफन हा सॉक्रेटिसाचा शिष्य. गुरूने प्रश्न विचारून माणसं हैराण केली. शिष्याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, पदरी निदान दोन लगाम असावेत : एक गुळगुळीत, एक काटेरी. काटेरीवर शिकलेला घोडा गुळगुळीत मिळाला की खूश होऊन तेच काम करतो. (कडक साहेबाच्या जागी मवाळ साहेब आला की शाखेत हेच होतं.) पण लगाम कुठलाही असो, त्याला सांधे हवेत. ताठ सळई घोड्याने कुठेही दातांत धरली तरी सगळी त्याच्याच ताब्यात जाते. साखळीचा मात्र धरला तेवढाच तुकडा मिळतो, बाकीची लोंबत राहते. आणि घोड्याने ऐकलं, मान उचलली, की तत्क्षणी हात सैल सोडा, असंही तो बजावतो.

हे सैल सोडणंच पुढच्यांना जड गेलं. 1550 साली नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोनेचं पुस्तक निघालं. त्यात तोंडात घालायच्या लोखंडांची चित्रंच चित्रं. शिवाय अडेलतट्टू घोड्यासाठी काठीला जिवंत मांजर बांधून ते त्याच्या मागच्या पायांशी न्यायचा उपाय! मांजराचं मत विचारल्याची नोंद नाही.

या सगळ्या पसाऱ्यात घराणी मुख्यतः दोन. ‘कर्ब’ला दोन्ही बाजूंना लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी. ही तरफ झाली. हातातली ओढ तोंडात पोचेपर्यंत कितीतरी पट होते. ‘स्नॅफल’ला दोन कड्या, मध्ये दांडी, बहुधा दांडीच्या मधोमध सांधा. लगामाची वादी थेट कडीत. जेवढं ओढाल तेवढंच पोचतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कर्ब म्हणजे चक्रवाढ व्याज आणि स्नॅफल म्हणजे सरळव्याज. चक्रवाढीत किती झालं ते घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही, फेडणाऱ्याच्या येतं. शिकाऊ घोडा आणि शिकाऊ स्वार यांना स्नॅफल देतात ते याचसाठी.

म्हणून प्रत्येक स्नॅफल मायाळूच असतो असं नाही. पीळ दिलेल्या तारेचाही निघतो, आणि तो तोंड सोलतो. त्यावर तबेल्यांतला जुना तोडगा असा, की दांडी जाड घ्या. जाड लोखंड रुतत नाही. ऐकायला बरोबर. पण 1980 च्या दशकात हिलरी क्लेटन या संशोधिकेने घोड्याच्या तोंडातल्या स्नॅफलची क्ष-किरणांनी हलती चित्रं घेतली. मिटलेल्या तोंडात रिकामी जागा अशी नव्हतीच. जीभ टाळूपर्यंत भरून बसलेली. तिथे जाड दांडी म्हणजे भरल्या डब्यात ट्रंक घेऊन शिरलेला प्रवासी. तेव्हा जीभ केवढी, टाळू किती उंच, हे आधी बघावं, आणि लांबी अशी घ्यावी की ओठांच्या दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरेल. मुलाला बरोबर न नेता त्याचे बूट आणणारे बाप असतात, तसे घोड्याचं तोंड न बघता लगाम आणणारे मालकही असतात.

त्याच चित्रांत आणखी एक गोष्ट दिसली. घोडा जीभ मागे घेऊन ते लोखंड हळूच उचलत होता आणि दाढांमध्ये धरून ठेवत होता. झेनोफनने घातलेल्या सांध्यांना न जुमानता.