पर्यावरण प्रकल्पांचे सरकारी अनुदान : मंजुरीपासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

वनीकरण, जलसंधारण, सांडपाणी प्रक्रिया, घनकचरा व्यवस्थापन, हवेची गुणवत्ता अशा कामांसाठी केंद्र सरकार राज्य सरकारे, स्थानिक स्वराज्य संस्था, संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संस्था यांना सहायक अनुदान देते. हे अनुदान कर्ज नसल्यामुळे त्याची परतफेड करावी लागत नाही. मात्र ते विनाअटही नसते. निधी ज्या प्रयोजनासाठी मंजूर झाला त्याच प्रयोजनासाठी खर्च झाला आणि त्यातून ठरलेले उद्दिष्ट साध्य झाले, या दोन्ही गोष्टी अनुदान घेणाऱ्या संस्थेला सिद्ध कराव्या लागतात. यांपैकी पहिल्या गोष्टीचे पुरावे हिशेबवहीत सापडतात. दुसऱ्या गोष्टीचे पुरावे प्रत्यक्ष जमिनीवर, पाण्यात किंवा हवेत शोधावे लागतात. पर्यावरण प्रकल्पांची खरी कसोटी येथेच लागते.

नियमांची चौकट

केंद्रीय अनुदानांचे नियमन 'सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७' या नियमावलीने होते. तिच्या नवव्या प्रकरणात सहायक अनुदानाविषयीच्या तरतुदी आहेत. नियम २३० नुसार अर्जदार संस्थेने आपली घटना अथवा उपविधी, लेखापरीक्षित हिशेब, उत्पन्नाचे स्रोत आणि खर्चाचे स्वरूप यांची माहिती अर्जासोबत देणे आवश्यक असते. अनुदानाची गरज का आहे, हे अर्जात स्पष्ट करावे लागते. त्याच कामासाठी केंद्राच्या दुसऱ्या मंत्रालयाकडून किंवा राज्य सरकारकडून अनुदान घेतलेले नाही व त्यासाठी अर्जही केलेला नाही, असे प्रमाणपत्रही संस्थेला द्यावे लागते. एकाच तलावाचा गाळ काढण्यासाठी दोन विभागांकडे अर्ज करणाऱ्या संस्थेची अडचण या अटीमुळे होऊ शकते.

स्वयंसेवी संस्थांच्या बाबतीत नीती आयोगाच्या 'दर्पण' संकेतस्थळावरील नोंदणी आणि तेथे मिळणारा ओळख क्रमांक यांची मागणी केली जाते. निधीचे वितरण आणि खर्चाची नोंद सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीमार्फत ठेवली जाते. त्यामुळे रक्कम कोणत्या खात्यात पोहोचली आणि तेथून पुढे कोठे गेली, हे मंत्रालयाला पाहता येते.

बंधपत्र आणि व्यक्तिगत जबाबदारी

अनुदान स्वीकारण्यापूर्वी स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकारी समितीच्या सदस्यांकडून बंधपत्र लिहून घेतले जाते. ठरलेल्या मुदतीत अटी पूर्ण करणे, निधी अन्यत्र न वळविणे आणि मंजूर काम दुसऱ्या संस्थेकडे न सोपविणे, ही त्यातील मुख्य बंधने होत. त्यांचा भंग झाल्यास संपूर्ण अनुदान किंवा त्याचा काही भाग वार्षिक १० टक्के व्याजासह परत करण्याची जबाबदारी स्वाक्षरी करणाऱ्यांवर संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही येते. छोट्या संस्थांमध्ये अनेकदा शिक्षक, शेतकरी किंवा निवृत्त कर्मचारी पदाधिकारी असतात. बंधपत्रावरील स्वाक्षरी ही त्यांच्यासाठी निव्वळ औपचारिकता नसते.

अनुदानाच्या रकमेवर मिळालेले व्याज हेही संस्थेचे उत्पन्न मानले जात नाही. हिशेब अंतिम झाल्यानंतर ते भारताच्या एकत्रित निधीत जमा करणे बंधनकारक आहे. अनुदानातून घेतलेली यंत्रसामग्री किंवा वाहने मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाहीत. संस्थेचे हिशेब मंजुरी देणारे मंत्रालय आणि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या तपासणीसाठी खुले ठेवावे लागतात.

उपयोगिता प्रमाणपत्र

या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. नियम २३८ नुसार ते नमुना १२-ए मध्ये, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत सादर करावे लागते. मंजूर रकमेतून साध्य व्हावयाची उद्दिष्टे साध्य झाली की नाहीत आणि झाली नसल्यास त्याची कारणे कोणती, याचा उल्लेखही त्यात अपेक्षित असतो. मुदतीत प्रमाणपत्र न मिळाल्यास संबंधित संस्थेला भविष्यातील सर्व सरकारी साहाय्यासाठी काळ्या यादीत टाकण्याची मुभा मंत्रालयाला आहे. दरवर्षी मिळणाऱ्या आवर्ती अनुदानाच्या बाबतीत मागील वर्षाचे प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित हिशेब सादर झाल्याशिवाय पुढील वर्षाच्या मंजूर रकमेच्या ७५ टक्क्यांहून अधिक निधी दिला जात नाही.

पर्यावरणाच्या कामात येथे एक विशेष अडचण निर्माण होते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. रोपे मात्र पावसाळ्यात लावली जातात आणि ती जगली की नाही, हे पुढील एक-दोन उन्हाळे पार पडल्यावरच कळते. खड्डे, रोपे आणि कुंपण यांवरील खर्चाची पावती तत्काळ मिळते. जगलेल्या झाडांची पावती वेळ घेते. म्हणूनच पाणी, राखण आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावणे यांसाठी पुढील वर्षांची तरतूद मूळ प्रस्तावातच असणे आवश्यक ठरते. ती राहून गेल्यास नंतर अन्य शीर्षकाखालील रक्कम त्यासाठी वळविता येत नाही.

महालेखापरीक्षकांचा अहवाल

निधी आणि फलित यांत किती अंतर पडू शकते, याचे उदाहरण पर्यायी वनीकरणाच्या संदर्भात समोर आले. वनजमीन अन्य कामासाठी दिली जाते तेव्हा त्या बदल्यात वनेतर जमीन मिळविणे आणि तेथे वनीकरण करणे अपेक्षित असते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालानुसार २००६ ते २०१२ या काळात १ लाख ३ हजार ३८२ हेक्टर वनेतर जमीन मिळावयास हवी होती. प्रत्यक्षात २८ हजार ८६ हेक्टर, म्हणजे २७ टक्के जमीनच मिळाली. वनीकरण त्याहून कमी, सुमारे ७ हजार २८१ हेक्टरांवर झाले. मिळावयाच्या जमिनीच्या तुलनेत हे प्रमाण ७ टक्के होते.

त्यानंतर संसदेने २०१६ मध्ये पर्यायी वनीकरण निधी कायदा संमत केला. त्यानुसार जमा रकमेचा ९० टक्के वाटा राज्यांना आणि १० टक्के केंद्राला मिळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने ४७ हजार ४३६ कोटी रुपये राज्यांकडे हस्तांतरित केले. हा निधी वापरण्यासाठी राज्यांना वार्षिक कार्ययोजना मंजूर करून घ्यावी लागते. 'ई-ग्रीन वॉच' या संगणकीय प्रणालीवर वनीकरणाच्या क्षेत्रांची नकाशासह नोंद ठेवली जाते.

फलिताशी जोडलेला निधी

अलीकडच्या काळात खर्चाऐवजी फलितावर निधी अवलंबून ठेवण्याकडे कल वाढला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या ४२ शहरांना व नागरी समूहांना हवेची गुणवत्ता सुधारण्यासाठी २०२१-२२ ते २०२५-२६ या काळाकरिता १२ हजार १३९ कोटी रुपयांची शिफारस केली होती. महाराष्ट्रातील बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, वसई-विरार आणि छत्रपती संभाजीनगर यांचा त्यांत समावेश होता. पीएम-१० या धूलिकणांच्या वार्षिक सरासरीत होणारी घट हा निधीच्या निर्णयातील महत्त्वाचा निकष होता. नागरी स्थानिक संस्थांना आपले हिशेब सर्वांना पाहता येतील अशा रीतीने संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याची अटही आयोगाने घातली होती.

'नमामि गंगे' कार्यक्रमात याच तत्त्वाचा वापर सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी करण्यात आला. २०१७ मध्ये वाराणसी आणि हरिद्वार येथील केंद्रांसाठी झालेल्या करारांनुसार भांडवली खर्चाचा ४० टक्के भाग बांधकामाच्या काळात, तर उरलेला ६० टक्के भाग पुढील १५ वर्षांत केंद्राच्या कामगिरीनुसार हप्त्यांनी देण्याचे ठरले. केंद्र बांधून बंद ठेवणाऱ्या कंत्राटदाराला संपूर्ण मोबदला मिळू नये, हा त्यामागील हेतू आहे.

अर्जापूर्वीची तयारी

अनुदानाच्या अटींची पूर्तता प्रकल्प संपताना नव्हे, तर तो आखतानाच सुरू होते. जमिनीची मालकी आणि आवश्यक परवानग्या आधी निश्चित कराव्या लागतात. वनजमिनीवरील कामासाठी वनविभागाची, तर सांडपाणी किंवा कचरा प्रक्रिया केंद्रासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती मोजून ठेवणे तितकेच महत्त्वाचे असते. विहिरींची पाणीपातळी, ओढ्यातील पाण्याची गुणवत्ता किंवा उभ्या झाडांची संख्या यांची प्रारंभीची नोंद नसेल, तर झालेली सुधारणाही सिद्ध करता येत नाही. उद्दिष्टे पेलतील एवढीच मांडणे, प्रत्येक अनुदानाचा हिशेब स्वतंत्र ठेवणे आणि अपयश आल्यास त्याची कारणे वेळीच लेखी कळविणे, हे मार्ग नियमांनीच उपलब्ध करून दिले आहेत. उद्दिष्ट अपूर्ण राहिल्याचे कारण नोंदविण्यासाठी प्रमाणपत्रात वाव आहे. वळविलेल्या निधीसाठी मात्र नियमावलीत परतफेडीशिवाय दुसरी वाट नाही.