साडेतीनचा खेळ

मेट्रोच्या दारात उभे राहा. धोबी तलाव, मुंबई, सोमवार, २७ एप्रिल १९५९. ऊन मी म्हणतंय. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून वर्ष आहे, शहरात ट्राम धावते आहे, सुट्ट्या नाण्यांना लोक ‘नये पैसे’ म्हणताहेत. आत ‘टॉम थंब’ लागलाय. अंगठ्याएवढ्या पोराची गोष्ट. सिनेमा मेट्रो-गोल्डविन-मेयरचा आणि थेटरही त्याच कंपनीचं.

एक मोटार येऊन थांबते. एक इंग्रज बाई उतरते, तिची दोन मुलं आणि शेजाऱ्यांचं एक. गाडी चालवणारा पारशी गृहस्थ नौदलात कमांडर आहे, आयएनएस म्हैसूरवर दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. खेळ सुटला की सहाला न्यायला येतो, असं सांगून तो निघतो. आवाज चढलेला नाही.

तुम्ही ‘रुस्तम’ पाहिलेला आहे, त्यामुळे तुमची पंचाईत होते. कावस माणेकशा नानावटी म्हटलं की तुमच्या डोक्यात अक्षय कुमारचा चेहरा येतो आणि समोरच्या माणसावर तो काही केल्या बसत नाही. हा माणूस आज सकाळी बायकोबरोबर आजारी कुत्र्याला घेऊन परळच्या दवाखान्यात जाऊन आलाय. येताना दोघांनी साडेतीनच्या खेळाची ही तिकिटं काढली, क्रॉफर्ड मार्केटात भाजी घेतली. घरी जेवणं झाली आणि मग सिल्वियानं सांगितलं, की प्रेम आहुजाशी आपले संबंध आहेत. ते ऐकूनही तो ठरल्याप्रमाणे सगळ्यांना सिनेमाला घेऊन आला. हा तपशील खटल्याच्या कागदपत्रांत आहे. एखाद्या पटकथाकाराला तो दिला, तर पहिली काट त्या कुत्र्यावर आणि दुसरी भाजीवर बसेल.

चला त्याच्या गाडीत. मागच्या सीटवर बसा, तुम्ही त्याला दिसत नाही.

गाडी गोदीत जाते. जहाजावर तो सांगतो, रात्री एकट्यानं गाडी चालवत अहमदनगरला जायचंय, रिव्हॉल्व्हर हवं. रस्ता लांबचा, कारण पटण्यासारखं. रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं मिळतात आणि ती एका खाकी पाकिटात जातात. पुढे कोर्टात तो म्हणेल, की तेव्हा मला स्वतःलाच गोळी घालायची होती. तुम्ही त्याच्या मानेकडे, स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघत राहता आणि खरं काय ते तुम्हाला कळत नाही. मग आहुजाचं ऑफिस. मोटारींचा धंदा आहे त्याचा. तिथे तो नाही. मग नेपियन सी रोडच्या बाजूला, आहुजाच्या घरी. नोकर दार उघडतो. कमांडर सरळ शयनगृहात शिरतो आणि दार लावून घेतो.

दुपारचे चार वीस झालेत. तुम्ही दाराच्या या बाजूला. आत जायचं नाही. आत नुकता न्हाऊन आलेला, टॉवेल गुंडाळलेला माणूस आहे. तीन गोळ्या सुटतात. बोलणं काय झालं हे दोघांनाच माहीत, आणि त्यातला एक आता सांगू शकणार नाही.

कमांडर बाहेर येतो, खाली उतरतो आणि स्वतःहून पोलिसांकडे जातो. तिथे कागदावर त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकतं, ते तो दुरुस्त करून देतो. फिर्यादी पक्ष पुढे या दुरुस्तीवर बोट ठेवेल: भान हरपलेला माणूस स्पेलिंग तपासत नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सत्र न्यायालयाबाहेर या. गर्दीत फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि खेळण्यातली ‘नानावटी पिस्तुलं’ विकताहेत. आत टॉवेलवरच वाद पेटलाय. बचावाचे वकील कार्ल खंडालावाला सांगतात, झटापट झाली, त्यात गोळ्या सुटल्या. सरकारी बाजू विचारते, झटापट झाली तर कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा? हातात ‘ब्लिट्झ’चा अंक घ्या. एरवी पंचवीस नये पैशांचा अंक या दिवसांत दोन रुपयांपर्यंत गेलाय. संपादक आर. के. करंजियांनी माणसं केव्हाच वाटून टाकलीत: देशाची सेवा करणारा सैनिक, पैशावर उधळणारा लंपट, भोळी परदेशी बायको. माझ्या मते या प्रकरणावरचा पहिला सिनेमा हाच. कॅमेरे चार वर्षांनी आले, पण पात्रनिवड इथेच झाली होती.

२१ ऑक्टोबरला नऊ जणांची ज्युरी आठ विरुद्ध एक मतांनी म्हणते, दोषी नाही. न्यायाधीश आर. बी. मेहतांना तो निर्णय विपरीत वाटतो आणि ते प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवतात. मार्च १९६० मध्ये जन्मठेप. २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालय ती कायम करतं आणि बोट ठेवतं ते नेमकं तुम्ही मागच्या सीटवरून पाहिलेल्या दुपारवर. दीडला माणूस घरातून निघाला, चार वीसला खून झाला. मधल्या जवळजवळ तीन तासांत त्यानं बायकोमुलांना थेटरात पोचवलं, खोटं कारण सांगून शस्त्र घेतलं, ऑफिसात चौकशी केली. अचानक आणि तीव्र प्रक्षोभाचा बचाव त्या तीन तासांत विरला.

सिनेमाचं गणित नेमकं उलटं. हे तीन तास पडद्यावर चार-दोन मिनिटांत आटोपतात आणि ज्या बंद दारापाशी तुम्हाला थांबावं लागलं, त्याच्या आत कॅमेरा बिनधास्त जातो.

१९६३. ‘ये रास्ते हैं प्यार के’ पाहा. निर्माता सुनील दत्त, नायकही तोच, दिग्दर्शक आर. के. नय्यर. कमांडरचा वैमानिक झालाय, समोर लीला नायडू आणि रेहमान. नवऱ्याला कोर्ट सोडतं आणि बायको मरते. तिनं जगून पुढे काय करायचं, हे तेव्हाच्या हिंदी पडद्याला सुचणं अवघडच होतं. खरी सिल्विया कोर्टात नवऱ्याच्या बाजूनं साक्ष देऊन मुलं सांभाळत होती.

१९७३. गुलजारचा ‘अचानक’. कथा ख्वाजा अहमद अब्बासांची. हे अब्बास म्हणजे ‘ब्लिट्झ’चं शेवटचं पान लिहिणारे. इथे गाणी नाहीत. नायक लष्करातला मेजर, विनोद खन्ना. तो मित्राला मारतो आणि बायकोलाही. मग डॉक्टर जीव ओतून त्याला वाचवतात, कशासाठी, तर फाशी देता यावी म्हणून. मूळ घटनेपासून सगळ्यात लांब गेलेला हा सिनेमा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. त्याला नानावटीची वकिली करायची नाही. खून करणाऱ्या भल्या माणसाचं करायचं काय, एवढंच तो विचारतो.

आणि ऑगस्ट २०१६. मल्टिप्लेक्स, पॉपकॉर्न. रुस्तम पावरी स्वतःचा खटला स्वतःच लढतो. विमानवाहू जहाजाच्या खरेदीतला घोटाळा त्यानं अडवलाय, म्हणून त्याचा सूड घ्यायला त्याच्या बायकोला जाळ्यात ओढलं जातं. म्हणजे खून झाला तो जवळजवळ देशासाठीच! बायकोच्या वाट्याला स्वतःची चूकसुद्धा उरत नाही. मेलेल्याची बहीण लांब होल्डरमधून सिगारेट ओढत कट रचते. ज्युरी सोडून देते आणि गोष्ट मिटते. उच्च न्यायालय नाही, सर्वोच्च नाही, जन्मठेप नाही. शेजारचा प्रेक्षक शिट्टी मारतो. अक्षय कुमारला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळणार आहे.

शिट्ट्या चालू असतानाच बाहेर पडा आणि १९६४ मध्ये या. या तिन्ही सिनेमांनी जिथे पाऊल टाकलं नाही, ती जागा हीच. आहुजा सिंधी, त्यामुळे नानावटीला माफी द्यायची तर सिंधी समाज चिडेल, ही सरकारची अडचण. तोडगा म्हणून एक सिंधी माणूस सापडतो: भाई प्रताप, स्वातंत्र्यलढ्यातले, गांधीधाम वसवणारे, आयात परवान्याच्या प्रकरणात शिक्षा झालेले. मात्र मेलेल्याची बहीण मामी आहुजा हिची लेखी संमती लागणार. ती मिळवायला राम जेठमलानी मध्ये पडतात, जे खटल्यात तिच्याच बाजूनं उभे होते. मामी सही करते. राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित दोघांनाही माफी देतात.

त्या सहीच्या वेळी मामीच्या मनात काय होतं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. नानावटी कुटुंब १९६८ मध्ये कॅनडाला गेलं. सिल्विया बरोबर होती. तो २००३ मध्ये वारला. ‘रुस्तम’ यायला तेव्हा तेरा वर्षं होती.