सोळा आण्यांचे प्रमाण

चालू सालाचे पीक किती आले याचा निवाडा शेतात होतो, असा सामान्य समज आहे. परंतु वऱ्हाडातील दिग्रसच्या परिसरातील महसुली व्यवहाराचा पूर्वेतिहास न्याहाळला असता असे दिसते की, ज्या पूर्ण पिकाशी चालू पिकाची तुलना करावयाची ते पूर्ण पीक कोणते, हे कचेरीने आधीच ठरविलेले असल्यामुळे अर्धा निवाडा पेरणीपूर्वीच झालेला असतो.

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केल्यावर तेथे पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पाहणी व जमाबंदी झाली. विंगेट, गोल्डस्मिड व डेव्हिडसन या ब्रिटिश अंमलदारांनी १८४७च्या संयुक्त अहवालात सिद्ध केलेल्या या पद्धतीत पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची, म्हणजे पूर्ण प्रतीची, मानीत. खोली पाव हाताने उणी झाली की प्रत उतरे, आणि चुनखडी, वाळू किंवा उतार असा दोष आढळला की दोषागणिक ती आणखी एक पायरी खाली जाई. सोळा आण्यांची जमीन एखाद्या गावी मुळीच नसली तरी हरकत नसे. मोजण्यास स्थिर माप तेवढे हवे होते.

जमिनीचे आणे जमाबंदीच्या मुदतीपर्यंत कायम राहत. पिकाचे आणे मात्र दरसाल बदलत, आणि तंटा उभा राही तो येथेच. खेडा जिल्ह्यात १९१८ साली झालेल्या सत्याग्रहाच्या मुळाशी हाच हिशेब होता : पीक चार आणे वा त्याहून कमी आल्यास सारावसुली तहकूब करण्याचा नियम होताच, परंतु रयतेच्या मते चार आण्यांच्या आतले पीक अंमलदारांच्या कागदी चार आण्यांच्या वर भरत होते.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, यथावकाश पीक आण्यांत मोजणाऱ्या आणेवारीची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांखालील गावांस टंचाईच्या सवलती मिळू लागल्या. दहा मीटर लांब व तितक्याच रुंद तुकड्यातील पीक काढून त्याचे वजन प्रमाण उत्पन्नाशी ताडतात. कपाशीस हे माप नीट बसत नाही. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी निघते तेव्हा दिग्रसच्या शिवारात बोंडे अजून भरत असतात, सीतादहीचा विधी करून वेचणीस हात लागावयाचा असतो; डिसेंबरअखेर अंतिम आकडा येतो, तरी उशिराच्या वेचण्या त्यानंतरही चालू राहतात.

तथापि खरी मेख प्रमाणात आहे. ते मागील सालांच्या सरासरीवरून धरले आणि ती सालेच ओळीने नापिकीची असली, तर पडके पीकही पन्नास पैशांच्या वर दिसते. २०१६च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पर्जन्य, मृदेतील ओलावा व उपग्रहाने टिपलेली हिरवाई हे निकष आणले, तरी त्यांतील पर्जन्यासारख्या निकषाची तुलना सरासरीशीच होते. म्हणून गावास किती पैसे मिळाले याची चौकशी करणाऱ्या शेतकऱ्याने, शंभर पैसे कोणत्या सालांच्या पिकावरून धरले, हे आधी विचारावे.