आठ मार्चची खोटी पणजी

मार्च उजाडला की फोनवर तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो. ८ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कच्या कापड कारखान्यांतल्या बायकांनी मोर्चा काढला, पोलिसांनी तो मोडला आणि त्याच्या स्मरणार्थ महिला दिन सुरू झाला. खाली गुलाब, गुलाबाखाली साडीच्या दुकानाची सवलत. गुलाब खरा असतो, सवलतही बऱ्याचदा खरी असते. मोर्च्याला मात्र पुरावा नाही.

लिलियान कांडेल आणि फ्रांस्वाज पिक या दोन फ्रेंच अभ्यासक बायकांनी १९८२ साली या गोष्टीचा माग काढला. त्यांना ती छापलेली सापडली ती थेट १९५५ साली, फ्रेंच कम्युनिस्टांच्या ‘ल्युमानिते’ या दैनिकात. म्हणजे घटनेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. त्यांचा तर्क असा की शीतयुद्धाच्या त्या दिवसांत हा दिवस रशियापासून सोडवून त्याला अधिक जुनं, अधिक दूरचं माहेर द्यायचं कुणाच्या तरी मनात असावं. आणि १८५७च का? ते जर्मन समाजवादी पुढारी क्लारा झेटकिनचं जन्मसाल. हाही तर्कच, पण चांगला तर्क. आमच्याकडे १८५७ म्हटलं की मेरठ आठवतं, त्यामुळे ते साल आम्हाला आणखीच सहज पटतं.

कोल्हापूर-बेळगावकडे घरोघरी येऊन वंशावळ वाचणारे हेळवी असतात. या दिवसाला तसा हेळवी भेटला असता, तर त्याने १८५७च्या या खोट्या पणजीचं पान आधी फाडलं असतं आणि खऱ्या पानापासून सुरुवात केली असती: २८ फेब्रुवारी १९०९, अमेरिकेच्या सोशालिस्ट पक्षाचा पहिला महिला दिन. त्यामागे होती थेरेसा मॅल्कियेल, रशियातून आलेली आणि न्यूयॉर्कला कपडे शिवणाऱ्या कारखान्यात राबलेली. दिवस रविवारचा, कारण बाकीचे सहा दिवस कामाचे.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कोपनहेगनला समाजवादी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १७ देशांतल्या शंभरेक जणी होत्या. जर्मनीच्या लुइझ झीत्स आणि क्लारा झेटकिन यांच्या पुढाकाराने दरवर्षी महिला दिन पाळायचा ठराव झाला. मुख्य मागणी मताधिकाराची. तारीख कुणीच ठरवली नाही. १९११ला जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क, स्वित्झर्लंड इथे तो पाळला गेला तो १९ मार्चला. रशियन क्रांतिकारक अलेक्सांद्रा कोलोन्ताय लिहून गेली आहे की त्या दिवशी नवरे मुलांना सांभाळत घरी बसले आणि बायका सभांना गेल्या. आठवडाभरात, २५ मार्चला, न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. बाहेर पडायच्या एका दाराला कुलूप होतं. १४६ माणसं गेली, त्यांतल्या १२३ बायका आणि मुली. न्यूयॉर्कच्या कारखान्यातल्या बायकांची खरी गोष्ट हवीच असेल, तर ती ही आहे. पण ही सांगून गुलाब देता येत नाही.

रंगाचीही अशीच गंमत. ऑफिसात त्या दिवशी सगळ्यांना जांभळं नेसायला सांगतात. तो जांभळा इंग्लंडच्या, मताधिकारासाठी लढणाऱ्या सफ्रेजेट बायकांचा, १९०८पासूनचा. पांढरा आणि हिरवा हे त्याचे जोडीदार. झेटकिनच्या गोटाने तर १९०७ सालीच ठरवलं होतं की असल्या ‘बूर्झ्वा’ बायकांशी हातमिळवणी करायची नाही. लग्न एकीचं, शालू दुसरीचा.

आठ तारखेला वजन आलं ते पेत्रोग्रादमध्ये, १९१७ साली. रशियाचं पंचांग तेव्हा तेरा दिवस मागे होतं, म्हणून तिथे ती २३ फेब्रुवारी. युद्धाचा तिसरा हिवाळा, पावासाठी पहाटेपासून रांगा, आणि रांगेत उभं राहूनही पाव मिळेलच असं नाही. व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी संप करायचं ठरवलं. आदल्या दिवशी बोल्शेविक पुढारी कायुरोव त्यांना समजावून आला होता: संप नको, वेळ आलेली नाही, पक्ष सांगेल तसं करा. बायकांनी ऐकून घेतलं आणि सकाळी गिरणीबाहेर पडल्या. शेजारच्या नोबेल कारखान्यापुढे उभं राहून त्यांनी आतल्या पुरुषांना हाका मारल्या, खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारले. संध्याकाळपर्यंत नव्वद हजारांच्या आसपास माणसं संपावर होती. एका आठवड्यात झार पदच्युत झाला. कायुरोवने पुढे स्वतःच लिहून ठेवलं की बायकांनी न जुमानल्याचा त्याला संताप आला होता. हे त्याने लपवलं नाही, याबद्दल मला त्याचं कौतुक वाटतं.

१९२१ला मॉस्कोत कम्युनिस्ट स्त्रियांच्या परिषदेने ८ मार्च पक्का केला. आणि इथूनच घसरणीची गोष्ट सुरू होते. आपण समजतो की बाजाराने हा दिवस नासवला. खरं पाहिलं तर हे काम सरकारने आधीच करून ठेवलं होतं. १९६५ साली सोव्हिएत सत्तेने हुकूम काढला आणि १९६६पासून आठ मार्च सुट्टीचा झाला. म्हणजे संपाचा दिवसच पगारी रजा होऊन बसला. फुलं, चॉकलेटं, शुभेच्छापत्रं, शाळेत मुलांनी आईसाठी केलेली चित्रं, सगळं तिथे रुळलेलं होतं. आमच्या दुकानदारांना हा सण तयार मिळाला, भाव लावायचा तेवढा बाकी होता.

इटलीचं फूल त्यामानाने प्रामाणिक. १९४६ला, युद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या आठ मार्चला, तिथल्या डाव्या स्त्री संघटनेला एखादं फूल हवं होतं. फ्रेंच रिवाजाप्रमाणे व्हायोलेट सुचवलं गेलं. फॅसिस्टांविरुद्ध लढलेली तेरेसा मात्तेई म्हणाली, ते महाग पडेल आणि गरिबाला मिळणारही नाही. तिने मिमोसा पुढे केला: आपल्या बाभळीच्या गोतातलं झाड, तसेच पिवळे गेंद, मार्चात रानात फुकट. आता तोच मिमोसा दर आठ मार्चला तिथे फुलवाल्यांकडे विकत घ्यावा लागतो.

संयुक्त राष्ट्रांनी १९७५ला महिला वर्ष पाळलं आणि १९७७च्या डिसेंबरात ठराव केला. त्यात देशांना आपापल्या परंपरेप्रमाणे वर्षातला कोणताही दिवस निवडायची मुभा दिली. आम्ही आठ मार्च घेतला, आणि त्याचं सोनंही केलं. ठरावाच्या आधीच, १९७५ला, महाराष्ट्रात डाव्या पक्षांनी आणि पक्षाबाहेरच्या स्त्री संघटनांनी तो पाळला. पाच वर्षांनी, ८ मार्च १९८०ला, मुंबई, पुणे, नागपूर, दिल्लीत बायका रस्त्यावर आल्या. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, आणि खटला पुन्हा चालवा अशी मागणी त्या मोर्च्यांनी केली. खटला काही पुन्हा चालला नाही. कायदा मात्र १९८३ला बदलला.

आता आमच्या प्रभागात त्या दिवशी पैठणीचा खेळ असतो. त्यात हसायला येतं, मीही हसते. पैठणी देणारा निदान आपल्याला मत हवंय हे लपवत नाही.

कोपनहेगनला जिथे तो ठराव झाला, ती इमारत कामगारांनी बांधलेली होती: यागतवाय रस्ता, क्रमांक ६९, लोकगृह. पुढे ती तरुणांच्या ताब्यात गेली, मग पालिकेने विकली. शेवटी ती एका ख्रिस्ती पंथाकडे आली. पंथाचं नाव फादरहुसेट, म्हणजे पित्याचं घर. मार्च २००७च्या पहिल्या आठवड्यात, महिला दिन दोन-तीन दिवसांवर आला असताना, तिथे पाडकामाची यंत्रं लागली. नंतर कित्येक वर्षं तो भूखंड मोकळाच पडून होता.